हात केला की थांबणारी बस

गोव्यात हरमल ते म्हापसा या रस्त्यावर मधुकर सव्वीस वर्षं बस चालवतोय. या सव्वीस वर्षांत त्याची सकाळची सात-दहाची बस सात-दहाला सुटलेली कुणी पाहिली असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. कशी सुटणार? मांद्रेच्या विमलाबाई शाळेत शिकवतात, पण स्वतः कधी वेळेवर तयार झाल्या असतील तर शपथ. त्यांच्या घरापुढे मधुकर दोनदा हॉर्न द्यायचा आणि गप्प बसून राहायचा. बाई एका हाताने वेणी घालत आणि दुसऱ्या हातात डबा धरून यायच्या. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघालेल्या बायका तर शेताच्या बांधावरूनच हात करायच्या. मागचा बसवाला हॉर्न बडवून बडवून थकायचा. "बोंबलू दे मेल्याला," मधुकर म्हणायचा. आणि कंडक्टर बाबली पत्र्यावर थाप मारून ओरडायचा, "धावू नको गो, पडशील! थांबलोय आम्ही!"

याच बसमध्ये त्याची लेक अंकिता लहानाची मोठी झाली. शाळा म्हणू नका, शिकवणी म्हणू नका, सगळीकडे बापाची बस. शिवोलीचा पूल ओलांडला की चोपड्याच्या पुढे एक वळण आहे. तिथे ना स्टॉप, ना फलक, नुसतं काजूचं झाड. शिकवणी सुटली की पोरगी तिथे उभी राहून हात करायची. स्टॉप शंभर पावलांवर होता, पण तिथवर चालायची तिला कधी गरजच पडली नाही.

पुढे ती जर्मनीला शिकायला गेली. मधुकरने म्हापशाच्या स्टँडवर अख्ख्या ड्रायव्हर मंडळींना पेढे वाटले. कॉलेज शहरात आणि तिची खोली लांबच्या खेड्यात. तासाला एक बस. पहिल्याच आठवड्यात तिने फोनवर सांगितलं, "पप्पा, दोन स्टॉपच्या मध्ये उभी राहून मी हात केला, तर ड्रायव्हरने उलट मलाच हात हलवला आणि गेला!" दोघं पोटभर हसले. मधुकरला तर ही गोष्ट सांगायला विषयच मिळाला. "माणूस उभं दिसतंय आणि थांबत नाही? ही काय बस म्हणायची?" असं तो येईल त्याला ऐकवायचा.

हसण्यावारी नेलं, तिथेच चुकलं.

तिचा एक पेपर दोनदा राहिला होता. तिकडे पेपरला तीनदाच बसायला मिळतं, तिसऱ्यांदाही हुकलं की त्या कॉलेजातलं शिक्षण संपलं. त्या तिसऱ्या पेपरच्या दिवशी तिने सकाळी स्टॉपवरून व्हिडिओ कॉल केला. इथे दुपार झालेली. मधुकर स्टँडवर चहा पीत होता, भोवती चार-पाच ड्रायव्हर. "पप्पा, आशीर्वाद दे." आशीर्वाद द्यावा आणि फोन ठेवावा की नाही? पण नाही! "अगो, तुझी बस तरी दाखव यांना!"

तिने दाखवली. लांबलचक, चकचकीत बस, दार उघडं. ड्रायव्हर मंडळी फोनवर तुटून पडली. एकाला टायर बघायचे, दुसऱ्याला मागची बाजू. अंकिता म्हणाली, "पप्पा, वेळ झाली, चढते मी."

"चढशील गो. त्याने तुला बघितलंय. थांबेल तो. जरा पुढे जा, स्टिअरिंग दाखव."

ती पुढे गेली. दार मिटलं. "थाप मार! हात कर!" मधुकर फोनमध्ये ओरडला. तिने थाप मारली, हातही केला. आतल्या माणसाने मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि बस निघून गेली. टॅक्सी त्या खेड्यात कुठली मिळणार! पुढच्या बसने ती पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन तास झाला होता, तिला आत घेतलं नाही.

कॉलेजातून तिचं नाव गेलं. "तुझी चूक नाही पप्पा, मीच चढायला हवं होतं," असं ती म्हणाली. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं मधुकरला वाटलं. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात जागा मिळते का बघते, असं म्हणून ती तिकडेच एका हॉटेलात भांडी घासत राहिली.

आणि मधुकर बदलला. बस थांबत नाही हे लहानपणीच शिकली असती तर पोरगी वाचली असती, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं. त्याने बसमध्ये देवाच्या तसबिरीशेजारी घड्याळ लावलं. सात-दहा म्हणजे सात-दहा. स्टॉप सोडून थांबणं बंद. विमलाबाई अर्ध्या वेणीने दारातच राहिल्या. बायका बांधावर हात करून करून थकल्या. बाबली म्हणायचा, "मधू, लोकांनी काय केलंय रे तुझं?" मधुकर घड्याळाकडे बोट दाखवायचा.

परवा दुपारची गोष्ट. म्हापशाहून परतताना शिवोलीचा पूल गेला, चोपडं गेलं. वळणावर काजूच्या झाडाखाली भलीमोठी बॅग घेऊन एक मुलगी उभी होती. डोक्याला टोपी, डोळ्यांवर गॉगल. तिने हात केला. बॅगवाली म्हणजे टुरिस्ट, मधुकरने ठरवून टाकलं. पुढे स्टॉप आहे, जाईल चालत. बस न थांबता पुढे गेली.

तोच बाबलीने पत्रा बडवला. "थांब रे मेल्या! आपली अंकिता!"

ब्रेक लागला, माणसं एकमेकांवर आदळली. मधुकरने आरशात बघितलं. कुणाला न कळवता आली होती. मोपाच्या विमानतळावर उतरून, मोर्जीला जाणाऱ्या कुणाच्या तरी टॅक्सीतून इथवर पोचली होती आणि जुन्या जागी बापाची वाट बघत उभी होती. बस थांबलेली तिला दिसत होती. पण ती धावली नाही. तिने हात खाली घेतला, घड्याळ बघितलं आणि बॅगेवर बसली.

मधुकर भरली बस रस्त्यात सोडून उतरला आणि धावला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो पॅसेंजरकडे धावत होता. जवळ पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. गॉगलखालून तिच्या गालावर पाणी आलेलं त्याला दिसलं.

"जा तू पप्पा, लोक खोळंबलेत," ती शांतपणे म्हणाली. "मागची बस येईलच. तिने येते मी."

"थांबलोय गो मी," मधुकर म्हणाला. "थांबलोय." त्याने बॅग उचलली. अंकिता मात्र अजून घड्याळातच बघत होती.