साहेबासाठी लावलेलं तेल

डेग कलंडली तेव्हा भाऊ माझ्या कडेवर होता आणि रांगेत आमच्या पुढे फक्त चार पोरं होती.

दोघा माणसांनी फडक्यानं डेगेचे काठ धरले आणि आतली सगळी आंबील रस्त्याकडेच्या चरात ओतून दिली. ज्वारीची, नुकती चुलीवरून उतरवलेली. चरातून वाफ निघाली. क्षणभर कोणालाच कळलं नाही, मग सगळी पोरं चराकडे धावली. मीही धावले. भावाला काठावर बसवलं आणि ओंजळ आत घातली. हात भाजला. अर्धी आंबील मातीनं पिऊन टाकली होती. जी हाताला लागली ती मी भावाच्या तोंडात घातली. त्यानं ती थुंकली, कारण तिच्यात खडे होते. तो दीड वर्षाचा होता. खडे खायचे नसतात एवढं त्याला कळत होतं.

चुलीवर एक म्हातारी रांधायची. ती कारकुनाला म्हणाली, "शिजली होती ना जी. लेकराईले पाजून टाकली असती तं काय झालं असतं?"

कारकून बुलढाण्याकडचा, शुद्ध बोलणारा. उपरण्यानं नाक झाकून उभा होता. म्हणाला, "शिजवली ती हुकूम यायच्या आधी. वाटली असती तर हुकमानंतर. हुकमानंतरचा खर्च कोण मंजूर करणार? तू?"

म्हातारीनं काही मंजूर केलं नाही. तिनं चुलीत पाणी ओतलं.

आंबील बंद करायचा हा हुकूम आमच्यावर का आला, ते सांगते. त्यात सरकारचा दोष आहे तेवढाच आमच्या बायकांचाही आहे, आणि थोडा माझाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून निघायचा आणि आमच्यापर्यंत यायला त्याला बरेच दिवस लागायचे. आमचं गाव सोनाळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. कपाशी उभी वाळली, ज्वारीला कणीस धरलं नाही. मग सरकारनं रस्त्याचं काम काढलं. तो रस्ता डोंगराच्या अलीकडेच संपत होता. पुढे कुठे जायचा, हे कोणी विचारलं नाही. लोकांना काम हवं होतं आणि सरकारला खडी.

बाप नांदुऱ्याला मालधक्क्यावर हमाली शोधायला गेला होता. माय खडी फोडायची, पण त्या मजुरीत एकाचंही पोट भरत नसे. सात वर्षांच्या आतल्या पोरांना दुपारी एक वाडगा आंबील मिळायची. सातच्या वरची पोरं कामाची समजली जात. मी नऊ वर्षांची होते, म्हणजे सरकारच्या हिशेबानं मला भूक नव्हती. मायचं दूध आटलं होतं. त्यामुळे भावाच्या पोटात दिवसभरात जे जाई ते त्या वाडग्यातलंच. मी त्याला कडेवर घेऊन रांगेत उभी राही, त्याला पाजी, आणि वाडगा परत करायच्या आधी चाटून घेई. सरकारी भांडं मी रोज चकचकीत करून दिलं.

एक दिवस कोतवाल सांगून गेला की नागपूरहून मोठा साहेब येतोय. दुष्काळावरचा खर्च बरोबर होतो की नाही, ते तो पाहणार होता.

आता दुसऱ्या कुठल्या देशात असं ऐकल्यावर बायका काय करत असतील मला माहीत नाही. आमच्या बायकांनी अंगणं सारवली.

गावात मोठा माणूस येणार म्हटल्यावर आमच्याकडे तेच करायची रीत होती. सडा घालायचा, पोरांची तोंडं धुवायची, बाईनं धड लुगडं नेसायचं. पोटात अन्न नव्हतं म्हणून रीत कशी सोडायची? सगळ्यांच्या पेटीच्या तळाशी लग्नातलं एखादं लुगडं होतं. ते कोणी विकलं नव्हतं, कारण लग्नातलं लुगडं विकत नाहीत. दागिने मात्र सगळ्यांचे केव्हाच गेले होते.

माय म्हणाली, "सायबापुढं उघड्या नाकानं बसू का मी? माहा नवरा जिता हाये."

शेजारची काकी म्हणाली, "मंग काय सोन्याची फॅक्टरी काढतं? नाकात काडी घाल."

"काडी तं विधवा घालते का सधवा?"

"ते सायेबाले इचार."

वाद पाटलीणबाईंपर्यंत गेला. गावात एकच नथ उरली होती, ती त्यांची. पाटलीणबाई दिलदार होत्या. म्हणाल्या, "घेऊन जा. पण एकीनंच घातली तं बाकीच्या बोंबलतीन. सगळ्याईनं घाला. सायेब खडीच्या एकेका ढिगाजवळ थांबतेच. एकीची पाहणी झाली का नथ पुढच्या ढिगावर." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ही पोट्टी चपळ हाये. हिच्याजोळ द्या."

असं नथ पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं.

घरात दिव्यापुरतं जवसाचं तेल होतं. मायनं त्या दिवशी ते सगळं भावाला लावलं. डोक्याला, पोटाला, पायांना. काजळ घातलं. त्याचे गाल महिनाभरापासून फुगले होते, पायही. आम्ही म्हणत होतो, आंबील मानवली, बाळसं धरलं. ती सूज असते हे मला पुढे माझ्या सुनेच्या बाळंतपणात एका नर्सबाईनं सांगितलं. तेव्हा तो खरोखरच गोंडस दिसत होता.

साहेब घोड्यावरून आला. मागे छत्रीवाला, त्याच्यामागे कारकून, कारकुनाच्या हातात कागद. त्या कागदावर दुष्काळाच्या खुणा लिहिलेल्या होत्या, म्हणजे अंगावर काय असलं की माणूस कंगाल आणि काय असलं की नाही. साहेबानं दुष्काळ पूर्वी कधी पाहिलेला नसावा. पाहिलेला असता तर कागद लागला नसता.

अकरा बाया अकरा ढिगांपाशी बसल्या होत्या. साहेब एका ढिगाशी थांबायचा, मुकादम खडी मापून दाखवायचा, कारकून लिहायचा, तेवढ्यात मी ढिगांच्या मागून वाकून पळायची. पहिल्या बाईच्या नाकातली नथ काढून तिसरीच्या हातात, कारण दुसरी माझी मावशी होती आणि तिचं नाक टोचलेलंच नव्हतं. एकदा फास नीट बसला नाही तर काकीनं नथ हातानं दाबून धरली आणि साहेबापुढे नाक पुसतेय असं दाखवलं. बाया पदरात हसत होत्या. किती दिवसांनी हसत होत्या. साहेबानं ते हसणंही पाहिलं.

सातव्या-आठव्या ढिगाजवळ कारकून मागे वळला आणि मी त्याच्या समोर आले. नथ माझ्या मुठीत होती, मोती बोटांतून दिसत होता. त्यानं मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कागद उलटवून पुढे गेला.

शेवटचा ढीग मायचा. भाऊ तिच्या मांडीवर. साहेबानं वाकून त्याचा गाल बोटानं दाबला. बोट तेलकट झालं, ते रुमालाला पुसलं. कारकुनाला म्हणाला, "सब औरतों के नाक में सोना, बच्चे के सर में तेल. और तुम लिखते हो कंगाल?"

कारकून म्हणाला, "जी हुजूर, गलती हो गयी."

मायला हिंदी समजत नव्हती. तिला वाटलं, साहेबानं लेकराचं कौतुक केलं. घरी येताना तिनं त्याची दृष्टही काढली. मीठ नव्हतं म्हणून नुसती मूठ ओवाळली.

त्यानंतर नवव्या दिवशी डेग कलंडली.

पाटील तालुक्याला जाऊन आले. कचेरीबाहेरच्या बाकावर दोन दिवस बसल्यावर त्यांना तोच कारकून भेटला. पाटील त्याला म्हणाले, "साहेब, नथ एकच होती हो. साऱ्या गावाची एक."

कारकून म्हणाला, "तसं लिहून द्या. आमच्या बायकांनी सरकारला फसवलं, असं लिहा. मी आत्ता आत नेऊन देतो."

पाटलांनी लिहून दिलं नाही. त्याऐवजी पुन्हा पाहणी व्हावी असा अर्ज केला. अर्ज नागपूरला गेला.

माझा मुलगा म्हणतो, तू सरकारला उगाच नावं ठेवतेस, सरकारकडे काय पैशाचं झाड आहे का, गरजू कोण हे पाहूनच द्यावं लागतं. बरोबर आहे. मी चौथी शिकलेली आहे, एवढं मला कळतं. पाहूनच द्यावं. फक्त जो पाहायला येतो त्याला काय दाखवायचं, हे गरिबानं आधी शिकून ठेवावं. मागच्या वर्षी आमच्याकडे कसल्याशा यादीसाठी दोन मास्तर घर पाहायला आले. सूनबाईनं कपाटातले नवे कप काढले. मी तिच्या हातातून ते घेतले आणि कान तुटलेले पुढे केले. रेडिओवर गोधडी टाकली. तिला लाज वाटली. तिचं वय लहान आहे.

अर्जाचं उत्तर यायला तीन आठवडे गेले. त्या दिवसांत आम्ही तरोट्याचा रानपाला शिजवून खाल्ला, तो वाळल्यावर चिंचोके भाजून खाल्ले. भाऊ चिंचोका गिळू शकत नव्हता. माय तो चावून त्याच्या तोंडात घालायची, तो बाहेर काढायचा. त्याची सूज उतरली. उतरल्यावर खाली काहीच नव्हतं. तो रडायचा थांबला, तेव्हा मला बरं वाटलं, कारण रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन हात दुखायचा.

दुसऱ्यांदा साहेब येणार म्हणून निरोप आला तेव्हा गाव शहाणं झालं होतं. पाटलीणबाई स्वतः तयारीवर देखरेख करायला आल्या.

"सारवू नका कोणी. राख घ्या, केसात घाला. तुह्यं लुगडं अजून धड दिसून राह्यलं व, फाड थोडं."

"फाडू काऊन? रोजचं दुसरं नाही मले."

"म्हणून तं फाड."

मायनं केस सोडायला नकार दिला. घरात कोणी मेल्यासारखं दिसतं म्हणाली. पाटलीणबाईंनी तिचा अंबाडा आपल्या हातानं सोडला. नथ त्यांनी घरी कोनाड्यात दडवून ठेवली होती आणि वर शेणाचा गोळा लिंपला होता.

साहेब आला, रांगेतून चालला. कोणी हसलं नाही. या वेळी तसं शिकवावं लागलं नव्हतं. मायजवळ आल्यावर तो थांबला. भावाला काही लावलेलं नव्हतं, राखसुद्धा नाही. त्याची गरजच नव्हती. साहेबानं कागद पाहिला, मग भावाकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. सगळ्या खुणा जुळल्या.

"अब ठीक है," तो म्हणाला.

आणि त्यानं कारकुनाकडून यादी घेऊन आपल्या हातानं खूण केली. मी तेव्हा दुसरीत होते, अक्षर लावता येत होतं. कारकुनानं यादी पुन्हा लिहिली तेव्हा मी मागून पाहिलं. सगळ्यांत वर माझ्या भावाचं नाव होतं.

हुकूम यायला पुन्हा दिवस गेले. भाऊ बुधवारी दुपारी गेला. माय कामावर होती, तो माझ्याजवळ होता. कोतवालानं हगवण लिहिली. भूक लिहायला त्याच्या वहीत जागा नव्हती, आणि त्याला हगवण झालीही होती.

रविवारी डेग चढली. तीच म्हातारी रांधायला आली. कारकून यादी घेऊन बसला. रांग लहान झाली होती. मी मायसोबत नुसतीच पाहायला गेले होते.

कारकुनानं पहिलं नाव पुकारलं.

माय म्हणाली, "हाजर."

कारकुनानं मान वर केली. मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझी कड रिकामी होती. नथ मुठीत असताना पाहिलं होतं तसंच त्यानं पाहिलं. मग बोटानं म्हातारीला खूण केली. तिनं वाडगा भरून पुढे केला. मायनं तो माझ्या हातात दिला.

आंबील आंबट होती आणि मीठ कमी होतं. मी ती सगळी प्याले आणि वाडगा चाटून परत दिला.

पुढचा पाऊस येईपर्यंत रोज त्याचं नाव पुकारलं गेलं आणि रोज माय हाजर म्हणाली. माझ्या भावावर सरकारनं खर्च केला तो असा. बाप पावसात नांदुऱ्याहून परत आला, तेव्हा घरात आम्ही दोघी होतो. माय जगली. मी जगले.