केमच्या हवेने सुधारलेला कुत्रा

माझ्या उजव्या मनगटावर दोन सुळ्यांच्या खुणा आहेत. त्या कशा झाल्या याची हकीकत आमच्या घरात पन्नासेक वर्षे सांगितली जाते. आधी बायको एकटीच सांगायची, मग मुलगी सांगू लागली, आणि गेल्या दिवाळीत नातीने ती मलाच ऐकवली, वर हातवारे करून. समोरच्यांचा तांबडा कुत्रा कसा झेपावला, आजोबांनी आपल्या कुत्र्याला वाचवायला मध्ये हात कसा घातला आणि त्या दुष्टाने तो हात कसा फोडला. नात सांगत होती आणि मी चिवडा खात मान डोलावत होतो.

तो तांबडा मला चावलाच नव्हता. मला चावला तो माझा स्वतःचा कुत्रा.

आम्ही तेव्हा सोलापुरात रेल्वे लाइन्सला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली असतील. मी कचेरीत कारकून होतो. आमच्या साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी आपला कुत्रा मला दिला. साहेबांचा कुत्रा घरी आला म्हणजे थोडी साहेबीही बरोबर आली, असे मला वाटले असावे. दुसरे काही कारण आठवत नाही. कुत्रा निम्मा अल्सेशियन होता. उरलेला निम्मा कोण, ते मी कुणाला विचारू दिले नाही.

त्याच्याशी मी इंग्रजीत बोलायचो. जातिवंत कुत्र्याशी मराठीत बोलणे त्या काळी कमीपणाचे समजत. 'सिट', 'नो', 'गुड बॉय' एवढ्या भांडवलावर माझा कारभार चाले. बायको त्याला "ए, सरक तिकडं" म्हणायची आणि तो सरकायचा. माझे 'सिट' ऐकून मात्र तो ताठ उभा राहायचा. लोकांना मी सांगत असे, त्याला उच्चार शुद्ध लागतो.

आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. त्यामुळे कुत्रा घरात घेताना बायकोने एकच अट घातली होती, "माणसाला चावला, की त्याच दिवशी घराबाहेर. मग तो साहेबाचा असो नाहीतर लाटसाहेबाचा."

"जातिवंत कुत्रा माणसाला कधी चावत नसतो," मी म्हणालो होतो. हे वाक्य मी पुढे गल्लीत, कचेरीत, न्हाव्याकडे, सगळीकडे म्हणून ठेवले होते.

घरात तो गरीब होता. मुलगी त्याच्या कानात चमचा घालायची तरी हूं की चूं नाही. पण साखळी लावून फिरायला काढला आणि समोर दुसरे कुत्रे दिसले, की त्याच्या अंगात यायचे. मागच्या दोन पायांवर उभा राहून, गळा आवळून घेत असा भुंकायचा की दुकानदार फळीवरून उतरून पाहायचे. मी सगळे उपाय केले. मंगळवार बाजारातून खिळ्यांचा पट्टा आणला. वर्तमानपत्राची गुंडाळी काखेत ठेवली, उन्हाळ्यात छत्री नेली. कुत्री टाळायची म्हणून अशा बोळांतून फिरलो की एका बोळातल्या बायका मला पाण्याचा मीटर वाचणारा समजू लागल्या. काही उपयोग झाला नाही.

खरी गोष्ट अशी होती की कुत्र्यांना मी भीत असे. समोर कुत्रे दिसले की माझा हात आपोआप साखळीला दोन वेढे देऊन ती खेचायचा. त्या बिचाऱ्याला वाटत असणार, मालक एवढा हबकलाय म्हणजे पुढे नक्कीच वाघ आहे. हे मला नंतर कळले. तेव्हा मी म्हणायचो, "रक्तच तिखट आहे त्याचं."

आमच्या समोर रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले एक क्लार्क राहत. मूळचे दौंडच्या वाटेवरच्या केम गावचे. माझ्याच वयाचे, मला 'राव' म्हणत आणि बोलायला लागले की थांबत नसत. तांबडा त्यांचा. गावठी, बिनसाखळीचा. मालक स्टेशनवर कामाला निघाले की हा अर्ध्या रस्त्यापर्यंत पोचवून परत यायचा आणि ओट्यावर पडून राहायचा. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांची बायको भाकरी थापताना एक त्याच्या नावाची जास्त थापायची.

एका सकाळी पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर आमची गाठ पडली. तांबडा मालकाला पोचवून परत निघाला होता. मी नेहमीप्रमाणे वेढे दिले, खेचले. माझा कुत्रा उसळला, खिळ्यांचा पट्टा माझ्याच पोटरीत रुतला, साखळी सुटली आणि दोघे जुंपले. मी 'नो, नो' करत मध्ये हात घातला. तांबड्याचा कान धरलेला जबडा सुटला आणि माझ्या मनगटावर मिटला. तो जबडा कुणाचा, यात शंका घ्यायला जागा नव्हती. मी माझ्या कुत्र्याच्या डोळ्यांतच पाहत होतो. मला वाटते, त्यालाही धक्का बसला.

"अगं बाई, तांबड्यानं फोडलं की हो सायबास्नी!" दळण घेऊन आलेली एक बाई ओरडली.

गलका ऐकून समोरचे अर्ध्या रस्त्यातून धावत आले. तांबडा लांब उभा होता, कानातून रक्त गळत होते. माझा कुत्रा पायाशी बसून माझे मनगट चाटत होता. जो चाटतोय तो चावेल कसा, असे पाहणाऱ्यांना वाटणारच.

"राव, आमच्यानं धरलं व्हय?" त्यांनी विचारले. तोंड पांढरे पडले होते.

मला बायकोची अट आठवली. न्हावी आठवला. मी म्हणालो, "हो."

ते मला तसेच सायकलवर घालून सिव्हिलला घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारले, "कुत्रा ओळखीचा आहे? मग दहा दिवस नजर ठेवा. पोटात इंजेक्शनं आज सुरू करू. कुत्रा धडधाकट राहिला तर थांबवू."

मी निर्धास्त झालो. पण संध्याकाळी समोरचे दारात आले ते कामगिरी फत्ते केल्यासारखे. "राव, बंदोबस्त केला. तुमच्या घरात ल्हान लेकरू हाय. दुपारच्या पॅसेंजरला गार्डाच्या डब्यातनं केमला धाडला. पावती मीच फाडली. भाऊ उतरवून घेईल. आता त्याचं तोंड दिसायचं न्हाय तुमाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच डॉक्टरांना सांगितले, की भावाचा निरोप आलाय, कुत्रा झकास हाय. डॉक्टर म्हणाले, "केमच्या कुत्र्याची हमी मी कशी घेऊ? डोळ्यांसमोर असता तर गोष्ट वेगळी. आता चौदाच्या चौदा घ्या."

म्हणजे मला चावलेला कुत्रा माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर शेपूट हलवत धडधाकट बसला होता, आणि तो धडधाकट आहे एवढे सांगता येत नव्हते म्हणून मी रोज पोट उघडे टाकून रांगेत उभा होतो. पोटावर गाठी उठल्या, त्यांच्याभोवती लाल-निळी वर्तुळे. बायको म्हणाली, अगदी चादरीची नक्षी.

मनगट बांधलेले, मला सायकल चालवता येईना. रोज कामावर जायच्या आधी समोरचे मला कॅरिअरवर बसवून नेत. वाटेत कुणी विचारले की मोठ्याने सांगत, "आमच्या कुत्र्यानं ह्यास्नी खाल्लंय, न्हेतोय टोचायला!" ओशाळे होते, तरी सांगताना त्यांना मजाही येत असावी. सुई टोचताना माझ्या उशाशी उभे राहत. "पोट आत वढू नका राव. आधीच कमी हाय, बाईंनी सुई टोचायची कुटं?" नर्स हसायच्या. मी सोडून सगळे हसायचे.

एकदा जाता जाता ते म्हणाले, "आमची अजून एक भाकरी जास्तच थापती बघा. सवय जाईना. काल मी खाल्ली. आज मला बी जाईना."

"मग?"

"तुमच्या कुत्र्याला दिऊन आली. त्यानं काय वाकडं केलंय कुणाचं?"

त्या दिवसापासून तांबड्याची भाकरी रोज आमच्याकडे येऊ लागली, आणि आमचा जातिवंत ती एका दमात गिळू लागला.

सांगून टाकावे, असे रोज वाटे. कॅरिअरवर बसल्यावर माणसाचे तोंड दिसत नाही, फक्त पाठ दिसते. पाठीशी खरे बोलायला काय हरकत आहे? एकदा सात रस्त्याच्या अलीकडे मी धीर केला. "एक सांगायचं होतं तुम्हाला."

"सांगा की." त्यांनी मागे वळून पाहिले. "चढ लागलाय म्हणून उतरायचंय व्हय?"

"हो," मी म्हणालो आणि उतरलो. सोलापुरातला चढ तो केवढा! तरी तेवढा मी पायी चढलो.

त्या दिवसांत कुत्र्याला फिरवायला बायको नेत असे. मी खिडकीतून पाहत असे. एका हातात पिशवी, एका हातात साखळी, आणि ती साखळी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सैल. ती भाजीवालीशी घासाघीस करायची आणि हा शेजारच्या कुत्र्याला हुंगत उभा. भांडण नाही, भुंकणे नाही.

"बघा," ती मला म्हणाली, "तांबडा गेला आणि हा कसा शहाणा झाला. तोच मेला नादाला लावत होता."

खिडकीत उभे राहून मला सगळे कळले होते. मी म्हणालो, "असेल."

इंजेक्शने संपली. समोरच्यांनी त्याच दिवशी विचारले, "राव, आता बरं हाय. तुमी म्हणत असाल तर त्याला आणतो. तुमी न्हाय म्हणला तर न्हाय आणायचा." त्यांची बायको दारामागे उभी होती. मला पदराचे टोक दिसत होते.

आता सगळे माझ्या एका शब्दावर होते. मी म्हणालो, "माझं काही नाही हो. पण घरात मूल आहे... हिची तयारी नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले. पदराचे टोक आत गेले.

पुढे दोन-तीन महिन्यांनी आम्ही पुण्याला लग्नाला निघालो. पॅसेंजर केमला थांबली. समोरच्यांच्या भावाचे घर स्टेशनालगत होते हे मला माहीत होते, म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसलो होतो. पण मुलगी फलाटाच्या बाजूला होती. ती एकदम किंचाळली, "आपला तांबडा!"

तोच होता. आणखी चार-पाच कुत्र्यांबरोबर फलाटावर हुंगत फिरत होता, कुणाशी भांडण नाही. कानाला खाच पडलेली. मुलीचा आवाज ऐकून तो धावत आला, खिडकीच्या गजांवर पाय टेकून उभा राहिला. तिने हातातले बिस्किट बाहेर काढले.

"हात आत घे! हाच तो!" बायको ओरडली.

"खाऊ दे," मी म्हणालो. "हा चावत नाही."

माझ्या तोंडून ते कसे निघाले कोण जाणे. तांबड्याने बिस्किट ओठांनी अलगद उचलले. बायको माझ्याकडे वळली. "चावत नाही? मग तुमचं मनगट काय उंदरानं कुरतडलं?"

डब्यातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. खरे बोलायला यापेक्षा चांगली वेळ आयुष्यात परत आली नाही. शब्द अगदी जिभेवर होता.

"गावच्या हवेनं निवळला असेल," मी म्हणालो. "केमची हवा चांगली आहे."

"हवा तर लईच चांगली," समोरच्या बाकावरचे एक पागोटेवाले लगेच म्हणाले. "आमच्या मेव्हण्याचा दमा गेला की हितं!" मग दौंडपर्यंत डब्यात केमच्या हवेचीच चर्चा चालली.

परत आल्यावर बायको स्वतः समोर गेली. "अहो, तुमचा कुत्रा सुधारलाय. लेकीनं हातानं बिस्किट भरवलं. आणा त्याला." पुढच्या रविवारी तांबडा गार्डाच्या डब्यातून आला. समोरची दोघे आमच्याकडे आली, बायकोसाठी केमचे कुंकू, मुलीला फ्रॉकचे कापड. त्यांनी मला हात जोडले. "राव, मन मोठं तुमचं. दुसरा असता तर पुना कुत्र्याचं नाव काढू दिलं नसतं."

मी तो नमस्कार घेतला. याहून वाईट काही मी केल्याचे मला आठवत नाही, आणि मी बरीच वर्षे नोकरी केली आहे.

दुसऱ्या सकाळी गिरणीच्या कोपऱ्यावर तांबड्याशी परत गाठ पडली, या वेळी समोरचेही बरोबर होते. खिळ्यांचा पट्टा मी घरी ठेवला होता. हात सवयीने वेढा द्यायला गेला, तो मी खिशात घातला आणि दुसऱ्या हाताने साखळी सैल सोडली. दोघे एकमेकांना पुढून हुंगले, मागून हुंगले. मग माझ्या कुत्र्याने तांबड्याचा खाच पडलेला कान चाटला आणि दोघे खांबाकडे निघून गेले.

"बघा राव," समोरचे म्हणाले, "केमची हवा!"

"हो," मी म्हणालो.

माझ्या मुलीच्या लग्नात मांडवात त्यांनी माझे मनगट धरून वर केले आणि व्याह्यांना दाखवले, "ही आमच्या कुत्र्याची सही हाय बरं का." सगळे हसले, मीही हसलो. आता ते नाहीत, त्यांची बायकोही नाही. ज्यांना सांगायचे होते त्यांना सांगून झालेच नाही. तेव्हा निदान त्या कुत्र्याच्या नावावरचा डाग तरी पुसावा, म्हणून हे लिहिले. तांबडा जन्मात कुणाला चावला नाही. केमची हवा चांगली असेल, पण त्याच्यात सुधारण्यासारखे काही नव्हते.

रविवारी नात येईल तेव्हा हे तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. बायको तिथेच बसलेली असेल. आपली अट ती अजून विसरलेली नाही. चावणारा केव्हाच गेला, त्यामुळे घराबाहेर काढायला आता मीच उरलो आहे.