रणगाड्याचं डोकं फिरतं का?

माझी पोस्टिंग टँक रेजिमेंटला, गनर म्हणून. सातवी नापास, पण निशाणा पक्का. आमच्या रणगाड्याचा ड्रायव्हर हरेश्वर, गास गावचा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. रणगाडा जुन्या डिझाइनचा. ड्रायव्हर पुढे उजव्या अंगाला बसायचा, डोक्यावर लोखंडी झाकण. तोफेची नळी सरळ असली तर झाकण उघडतं. नळी जरा उजवीकडे आली की झाकणावर येते. मग आतला माणूस आतच.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी इंजिन, तेलपाणी, मग नळी साफ. हरी शिव्या देत ग्रीस लावायचा.

लढाईत दुपारी आम्हाला शेल लागला. शत्रू उजवीकडे, म्हणून नळी उजवीकडे. टरेट, म्हणजे नळीसकट वरचं डोकं, फिरवणारी मोटर मेली. मागून आग आली.

हेडफोनमध्ये हरी बोलला, "झाकण अडलंय. गन फिरवा."

कमांडर साब म्हणाले, "गनर, हँडल मार."

हाताने फिरवायचं हँडल जोर लावून मारलं. टरेट जाम.

"गन फिरवा, भावोजी."

साबांनी मला कॉलर धरून वर ओढलं. बाहेर आल्यावर आतून पान्याचे ठोके ऐकू येत होते. मग थांबले.

घरी येऊन बायकोला, मालतीला, सगळं जसं झालं तसं सांगितलं. तिला पटलं नाही. "तुमाला तुमचा जीव प्यारा होता," म्हणाली. हे मी जन्मभर भाताबरोबर खाल्लं.

तिच्याकडे पुरावाही होता. शोभेला उभे केलेले रणगाडे बघा, नळी सरळ समोर. एकदा एका चौकात तिने मला हात धरून थांबवलं. "बघा. झाकन मोकलं हाय. पोर उठून बाहेर येईल."

मग तिची किडनी गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला एकच हवं होतं, मी पळालो नाही हे तिला जायच्या आधी पटावं. चौकातल्या रणगाड्यांची डोकी हलत नाहीत, म्हणून जुन्या रणगाड्यांची मॉडेलं कुठे उरलीत ते शोधायला लागलो. संग्रहालयांना फोन लावायचो. टरेट म्हटलं तर समजायचं नाही, म्हणून विचारायचो, "तुमच्या रणगाड्याचं डोकं फिरतं का?"

एक पोरगी म्हणाली, "आजोबा, नक्की कोणाचं फिरलंय?"

एका ठिकाणी डोकं गोंदाने चिकटवलेलं. एकाकडे मॉडेल होतं पहिल्या महायुद्धातल्या डिझाइनचं, त्याला डोकंच नाही. एकाचं वाळवीने खाल्लेलं. शेवटी घाटावरच्या एका लष्करी संग्रहालयात सापडलं. आमचंच डिझाइन, लाकडी, रिक्रूटांना शिकवायला केलेलं. डोकं फिरत होतं.

गाडी करून मालतीला नेलं. तिथल्या हवालदाराने मॉडेल काचेतून काढून टेबलावर ठेवलं. मी हात पुढे केला, तिने बाजूला सारला. नळी सरळ ठेवून तिने नखाने झाकण उचललं. उघडलं. नळी उजवीकडे केली, परत उचललं. उघडेना. परत. परत.

"मावशी, मोडेल ते," हवालदार म्हणाला.

"मोडू दे."

येताना गाडी सातिवलीला आली. मी म्हटलं, "आता पटलं?"

"पटलं. कशाला दाखवलंत? तुमी पललात तेच बरं होतं. शिव्या द्यायला मानूस तरी होता. आता कोनाला देऊ?"

नंतर तिने मला एक शिवी दिली नाही. मी वाट बघायचो. ती खोलीचं दार लावू द्यायची नाही, पंखासुद्धा बंद करायला लावायची. ठोके ऐकू येतात म्हणायची. महिन्याभरात गेली.

साबही गेले. हरीला ओळखणारा आता मी एकटा. तो चांगला ड्रायव्हर होता. गुडघाभर चिखलात त्याने गाडी कधी रुतू दिली नाही. गासमध्ये हे सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहिलं.