चाकणपलीकडची निलगिरी

रहाटणीहून सकाळी निघालो तेव्हा मला दोन गोष्टी मिळवायच्या होत्या: अख्ख्या ओंडक्यांचं घर रचण्याजोगं सरळ लाकूड आणि ते घर उभं करायला थोडी जमीन. वय झालंय, पण हात-पाय चालतात. उरलेले दिवस लाकडी भिंतींत काढायचे, हे पक्कं आहे.

पहिला थांबा दापोडीची वखार. मालकाने माझ्या घराचा नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"काका, ओंडक्यांचं घर? राव, लोक आता खिडकीलासुद्धा लाकूड लावत नाहीत!"

त्याच्याकडे सगळा चिरलेला माल. पण सल्ला कामाचा दिला. "जुनी निलगिरी बघा. तोडल्याबरोबर टोकांना डांबर फासा आन सावलीत वाळवा. न्हाईतर तडकंल."

जुनी निलगिरी कुठे आहे, हे मला ठाऊक होतं. माझी रोपवाटिका होती तेव्हा मीच ती चाकणपलीकडे, माझं गिऱ्हाईक असलेल्या नामदेवच्या बांधावर लावून घेतली होती.

वाटेत चऱ्होलीला जमिनीची चौकशी केली. एजंट हसला. "गुंठे संपले काका, आता फ्लॅट बोला." चाकणला पोचलो तेव्हा कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, बस चौकात बराच वेळ अडकली. पुढे नामदेवचं गाव येईपर्यंत कांद्याची हिरवी वावरं लागली आणि मग ती उंच, पांढुरकी रांग दिसली. खोडं इतकी सरळ, की पाहताक्षणी मनात भिंती रचून झाल्या.

नामदेवने भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी वाढली. लाकूड द्यायला तो तयार होता, कोपऱ्यातली जमीनही. "पन बांध सामायिक हाय, अण्णा. झाडं दोघांची. सीताराम व्हय म्हनंल तरच."

पलीकडचा सीताराम त्याचा चुलतभाऊ. विहीर आटल्यापासून दोघांत बोलणं नाही. सीतारामच्या बोअरने पाणी ओढलं, असं नामदेव धरून बसला होता.

मी भाकरी बाजूला ठेवली. विहीर आटल्यावर तिचा गाळ काढला तेव्हा मी तिथे होतो. दगडांच्या सांध्यांतून मुळांच्या जटा लोंबत होत्या. कशाच्या, असं नामदेवने विचारलं, तेव्हा मी काठावरच्या उंबराकडे बोट दाखवलं होतं. उंबर असतो तिथे पाणी असतं, अशी आपल्याकडे समजूत. पुढे कुणी शंका घेतली नाही.

"नामदेव, ती मुळं उंबराची नव्हती. निलगिरीची होती. पाणी तिनेच ओढलं. मला तेव्हाच कळलं होतं. माझी रोपं विकली जात होती, म्हणून खोटं बोललो."

तो ताटावरून उठला. "मला काय सांगतो? चल, त्येला सांग."

सीताराम कांदा खुरपत होता. बांधावर उभं राहून मी सगळं पुन्हा सांगितलं. त्याने खुरपं खाली टाकलं.

"म्हंजी माझी बोर चोर न्हवती! लेकीच्या लग्नाला ह्यो घरातला मानूस आला न्हाई, ते तुमच्या रोपांपायी व्हय?"

मी मान खाली न घालता हो म्हणालो.

"न्या झाडं," तो म्हणाला. "पन खोडांचं बुडखं जमिनीत ठिवाल तर परत फुटत्यात. मुळासकट काढा. खर्च तुमचा."

"माझा," मी म्हणालो.

आता नामदेव माझ्याशी नाही, सीतारामशी बोलला. "जेसीबी माझ्या वावरातनं घेऊ. तुझा कांदा उभा हाय."

सीतारामने खुरपं उचललं. "रस्त्याकडनं आन मग. तिकडं वाफं सुकं हायेत."

एसटीपर्यंत नामदेव सोडायला आला. "लाकूड ने, अण्णा. जमीन मात्र तुला न्हाई." मी आग्रह केला नाही. शेजार कुणाचा हवा, हे ठरवायचा हक्क त्याचाच.

रात्री बायकोला सांगितलं, भिंती मिळाल्या, जागा नाही. ओंडके वाळायला वेळ लागेल. तोवर मी जागा शोधीनच. घर उभं राहिल्यावर येणारा प्रत्येक जण विचारील, लाकूड कुठून आणलं. ते पाहुण्यांना मी स्वतः सांगणार आहे, पहिल्यापासून.