चांगोचा उजवा हात

आमच्या वाडीत सांडशी नव्हती असं नाही. माझ्याकडेच लोखंडाच्या दोन चांगल्या होत्या. पण चांगो हाताशी असताना त्या शोधायला उठतो कोण? चुलीवरचा टोप उतरवायचा झाला की बायका चांगोलाच हाक मारायच्या. तो यायचा, डाव्या हाताला फडकं गुंडाळायचा, उजव्या उघड्या हाताने टोपाची कड धरायचा, टोप खाली ठेवायचा आणि कपभर चहा घेऊन जायचा. म्हणून त्याचं नाव पडलं चांगो सांडशी. सिद्धगडाच्या पायथ्यापासून धसईच्या बाजारापर्यंत त्याला याच नावाने ओळखायचे.

मी सोमा, लग्नाकार्यात भात-वरण करणारा आचारी. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा लग्न म्हणजे मांडवामागे चर खणून पेटवलेली लाकडं, त्यावर माणूस बसेल एवढाले टोप आणि धुरामुळे डोळे पुसत बसणारा मी. चांगो माझा जोडीदार. जळतं लाकूड आत सारायचं, तापलेलं झाकण उचलायचं, ही त्याची कामं. नवऱ्याकडची माणसं नवरी बघायची सोडून त्याला बघायला मागे यायची. मग तो जास्तच करायचा. चिमटीत निखारा उचलून त्यावर विडी पेटवायचा. मला रागच यायचा त्याचा, कारण भात माझा चांगला झाला तरी नाव त्याचं व्हायचं.

होळीला तर तो राजाच. आमच्याकडे होळीत नारळ टाकतात आणि पेटत्या होळीतून तो बाहेर काढणाऱ्याला मान असतो. बाकीचे काठ्या घेऊन पुढे-मागे नाचत बसायचे. चांगो सरळ जायचा, हात घालायचा आणि नारळ घेऊन यायचा. देवाने त्याला वर दिलाय, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. डावा हात मात्र साधाच होता, त्याला नुसती वाफ लागली तरी चांगो बोंबलायचा. देवाने एकाच हाताला वर का दिला, असं कुणी विचारलं की म्हातारी बाईजा त्याला उलट विचारायची, "देवलातली घंटा कंच्या हातानं वाजवतोस रे?"

या वरदानात खोट एवढीच, की हाताला फोड यायचे. ते चांगोच्या नाही, त्याच्या बायकोच्या, ठकीच्या लक्षात यायचे. "इथं फुटलाय," ती म्हणायची. "कदी?" तो विचारायचा. करंगळीही हळूहळू आत वळायला लागली होती. हातातून भाकरीचा तुकडा निसटला की तो भाकरीलाच शिव्या द्यायचा.

एके वर्षी होळी तोंडावर आली असताना सरकारी दवाखान्याचा माणूस सायकलवरून वाडीत आला. लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासत तो गावोगाव फिरायचा, म्हणून सगळे त्याला चट्टेवाले भाऊ म्हणत. देवळासमोर त्याने चित्रांचा तक्ता टांगला. तासाभरात सगळी वाडी आपापलं अंग घेऊन हजर. जनाने मान पुढे केली, हनुमानने पोट उघडं टाकलं, बाईजाने गुडघा काढला आणि कुणी बघेपर्यंत झाकला नाही.

"हा नायटा," भाऊ हनुमानच्या पोटाकडे बघत म्हणाला. "खाजतो ना? मलम लाव, नखं लावू नको. आणि आजी, हा डाग जन्माचा आहे. एकाएकी वाढला, रंग पालटला, त्यातून रक्त आलं, तर मात्र दवाखान्यात या." मग तो सगळ्यांकडे वळला. "खाजणारा चट्टा तुम्ही आपणहून दाखवता. मला न खाजणारा पाहिजे. फिक्कट, न दुखणारा, घाम न येणारा, बोट लावलं तरी न कळणारा. असा आहे का कुणाकडे?"

चांगो पुढे झाला. त्याने बाही वर सारली. कोपराखालून मनगटापर्यंत फिक्कट चट्टा होता. "हा घ्या. खाजत नाय, दुखत नाय, घाम नाय. लय गुणी चट्टा हाय," तो म्हणाला. आम्ही हसलो. भाऊ हसला नाही.

त्याने चांगोला डोळे मिटायला सांगितलं. भाऊने हातावर पेनाचं टोक टेकवायचं आणि चांगोने बोटाने ती जागा दाखवायची. डाव्या हातावर सगळं बरोबर आलं. उजव्यावर पेन टेकलं आणि चांगो गप्प. वाडीसमोर नापास व्हायचं त्याच्या जिवावर आलं असावं. त्याने अंदाजाने खांदा दाखवला, मग कोपर. भाऊने पेन खिशात घातलं, तरी याने मनगट दाखवलं. आम्ही पोट धरून हसत होतो.

"हा कुष्ठरोग आहे," भाऊ म्हणाला आणि हसू थांबलं. कुणीतरी त्या रोगाचं जुनं नाव पुटपुटलं. चांगोभोवतीचं रिंगण आपोआप मोठं झालं. भाऊने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात टाकला. "बरा होतो हा. गोळ्या फुकट मिळतात, त्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. याचा हात भाजत नाही असं नाही. भाजलेलं याला कळत नाही. नस सुजली आहे. अजून उशीर केला तर बोटं वाकून बसतील, जखमांनी झिजतील."

"गोल्या खाल्ल्या तर पोललेलं कलंल?" चांगोने विचारलं.

"कळलं तर नशीब समज."

"मंग नको," चांगो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. "दुखायचं औषध कोन खातो? होली आलीय. नारल कोन काढंल? आनि या सोमाच्या टोपांचं काय?"

लग्नसराई उंबऱ्यावर होती. पण मला त्याची ती वळलेली करंगळी दिसली. "माज्याकडं दोन सांडश्या हायेत," मी म्हणालो.

ठकी त्याच्या बाजूलाच उभी होती. ती भाऊलाच म्हणाली, "रातचा मी यांचा हात धरते. डावा धरला तर दाबतात. उजवा धरला तर कायच नाय. मना वाटायचं, रागावलेत."

"कदी धरलास गो?" चांगोने वळून विचारलं.

"आता पन धरलाय," ठकी म्हणाली.

चांगोने खाली बघितलं. उजवा हात तिच्या हातात होता. मग त्याने भाऊकडे डावा हात पसरला आणि पहिल्या गोळ्या तिथेच गिळल्या. नसेच्या सुजेसाठी भाऊने त्याला मुरबाडच्या दवाखान्यात बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगो बांधामागून लुंगी सावरत धावत आला. लघवी लाल झाली होती. गोळीने असं होतं, घाबरू नको, असं भाऊने सांगून ठेवलं होतं, पण तेव्हा चांगोचं लक्ष ठकीकडे. दुपारपर्यंत साऱ्या वाडीला ती बातमी पोचली. त्या होळीला नारळ हनुमानने काठीने काढला. त्याला इतका वेळ लागला की नारळाचा कोळसा झाला आणि प्रसाद म्हणून आम्ही तो कोळसा खाल्ला. चांगो लांब उभा राहून हनुमानला अक्कल शिकवत होता.

गोळ्यांचा कोर्स त्याने पुरा केला. सगळी जाणीव परत येईलच असं नाही, हे भाऊने स्पष्ट सांगितलं होतं. करंगळी वाकली ती वाकलीच. पुढच्या सराईत धसईकडे एक लग्न होतं. वरण उकळत होतं, मी सांडशी शोधत होतो, आणि जुन्या सवयीने चांगोने झाकणाला हात घातला.

तो असा ओरडला की वाजंत्री थांबली. झाकण वरणात पडलं. "आधी पानी वत," मी ओरडलो, पण तो हात उंच धरून, हसत, मांडवातून बायकांच्या घोळक्यात घुसला. ठकी नवरीच्या मागे बसली होती. त्याने तिच्या हातात आपला उजवा हात दिला.

"गार हाय गो तुजा हात," तो म्हणाला.

"समदी बघतात," ठकी म्हणाली. पण हात काही तिने सोडला नाही. तसंच ओढत त्याला पाण्याच्या पिंपाकडे नेलं.

वरणातलं झाकण मी सांडशीने काढलं.