उभ्या गाडीची थरथर

सिग्नलला थांबलं की आमची छोटी पेट्रोल गाडी स्टिअरिंगपासून आरशापर्यंत थरथरते. मेकॅनिक म्हणाला, "बिघाड नाही, ताई. तीन सिलिंडरचं इंजिन उभं राहिलं की थरथरतंच. पळायला लागलं की शांत."

आज सिग्नलला थांबले तेव्हा शेजारच्या सीटवर बाबा होते. रिटायर झाल्यापासून त्यांचा उजवा हात नुसता मांडीवर असला की थरथरतो. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी तो डाव्या हाताखाली दडवला. धावायची सवय असलेल्यांना थांबणं सोसत नसावं.

मी मागच्या सीटवरची गवारीची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "एवढी मोडून द्या ना, बाबा."

"इथं? गाडीत?"

"मग काय! घरी गेल्या गेल्या फोडणी टाकायचीय."

ते कुरकुरत शेंगा मोडू लागले. हात एकदम शांत.

मागून हॉर्न वाजले. सिग्नल कधीच सुटला होता, आणि थरथरत होती ती फक्त गाडी.