मागे चालणारे काका

"उठा, गंज चढंल."

शनिवारी सकाळी आमच्या फाटकाची कडी वाजायची आणि पाठोपाठ हे वाक्य यायचं. मी नुकतीच चहा घेऊन बसलेली, नवरा पेपरात तोंड खुपसून. बाहेर काका उभे. एका हातात त्यांचं खुरपं, दुसऱ्या हातात आमच्यासाठी आणलेलं. म्हणजे 'आमच्याकडे खुरपं नाही' ही सबबसुद्धा त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेल, स्वतः बसत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही. आमचे काका मूळचे कर्जतकडचे, भिंगारच्या एका लष्करी मेसमध्ये वाढपी म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेले. खुर्ची ही वस्तू दुसऱ्यांसाठी असते अशी त्यांची समजूत झाली असावी. आमच्याकडे चहा घ्यायचा तोही उभ्यानं, खिडकीशी, आणि एका हातानं आमच्या कुंडीतलं तण उपटत. माझा जीव अगदी नकोसा व्हायचा. पाहुणा बसला नाही की यजमानालाही बसता येत नाही.

पाऊस सरला की कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं माजतं. दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार काकांनी परस्पर ठरवून टाकला होता. शनिवारी गवत काढायचं, रविवारी सकाळी सगळ्यांनी टेकडीवर जायचं आणि संध्याकाळी त्याच साफ केलेल्या जागेवर मसाला दूध आणि नाच. कोजागिरी दोन दिवस मागेपुढे असली तरी आमचं दूध रविवारीच आटायचं.

नाच म्हणजे गरबा नव्हे आणि लेझीम तर नव्हेच. विलायती वॉल्ट्झ. मेसमधल्या पार्ट्यांना साहेब आणि मेमसाहेब जोडीनं नाचायचे ते काका ट्रे घेऊन दारातून बघायचे. पार्टी उठली, खुर्च्या भिंतीला लागल्या की रिकाम्या हॉलमध्ये ते आणि तिथला आचारी मिळून तीच पावलं टाकायचे. पिकल्या वयात ही विद्या त्यांनी आमच्या माथी मारली. आमच्या कॉलनीत नवरा-बायको भाजी आणायलासुद्धा चार हात अंतर ठेवून जातात. तिथं हातात हात आणि खांद्यावर हात म्हणजे काय झालं असेल, तुम्हीच बघा. पहिल्या वर्षी निम्मी मंडळी लाजून दूध न पिताच घरी गेली.

काकांनी हार मानली नाही. टेकडीच्या पायवाटेवर, सोनकीच्या पिवळ्या फुलांमध्ये ते आम्हाला जोडीनं उभं करायचे. "बायांनी म्होरं, गड्यांनी मागं. एक, दोन, तीन." आमचे हे एकदा मागे जाता जाता सरळ बोरीच्या झुडपात बसले.

"काका, मागचं दिसत नाही हो," हे काटे काढत म्हणाले.

"तुमाला कशाला दिसाया पायजे? बाई बघती की."

काकू मात्र यात कधीच नसायच्या. त्या दुधाच्या पातेल्याशी लोखंडी खुर्ची टाकून बसत. दरवर्षी गाणं लागलं की काका त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे करत. "येती का?"

"माज्या बापानं मला नाचायला न्हाई धाडलं."

मग काका त्यांच्या हातातला डाव घ्यायचे, जणू त्यासाठीच आले होते, दूध दोनदा ढवळायचे आणि परत यायचे. सगळ्या कॉलनीला नाचवणारा हा माणूस स्वतः कुणाबरोबर नाचायचा नाही. मी एकदा म्हटलं, "काका, माझ्याबरोबर या." तर म्हणाले, "माजी जोडीदार दूध आटवती हाय."

एकदा टेकडीवरून उतरताना काका आणि मी मागे राहिलो. साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती, ती काढायला मी थांबले होते. काका उभ्या उभ्या पायानं वाटेतले दगड बाजूला सारत होते. अचानक म्हणाले, "म्याडम, लई न्हाई. हिच्यासंगं एक फेरी झाली की बास. मग मी बसंन." मी पुन्हा खाली वाकले. कुसळं काढणं बरं वाटलं.

गेल्या वर्षी त्यांच्या मेसमधला तो आचारी देवळाली प्रवऱ्याहून मुद्दाम आला. दांडगा, पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. आमचा नाच सुरू झाला आणि तो बघता बघता असा हसायला लागला की हातातलं दूध सांडलं.

"आरं, ह्ये सगळे गडी बाईची पावलं टाकत्यात की," तो म्हणाला. "मागं बाई जाती. गडी म्होरं येतो. हा हाडकुळा, म्हनून मीच ह्याला बाई करायचो. त्येवढंच आलं व्हय तुला?"

गाणं चालूच राहिलं, पाय थांबले. आमच्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं, आणि मग काकांकडे पाहिलं तेव्हा गेलं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, जवळची एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. काकांना बसलेलं आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. ते फारच लहान दिसत होते. मला ते बघवेना.

काकूंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"उठा. गंज चढंल."

काकांनी मान वर केली.

"म्होरं मी चालते. रोज तरी तुमाला कोन न्हेतं?"

त्या दोघांची फेरी काही देखणी नव्हती. काकूंचा पदर दोनदा पायात आला. काका दर पावलाला मान वळवून पाहत होते, कारण प्लॉटच्या कोपऱ्यात तुळशीचं वृंदावन आहे आणि ते तिकडेच चालले होते.

"मागं बगू नका," काकू म्हणाल्या. "मी बगते हाय."

त्यानंतर त्यांनी मान वळवली नाही. आचाऱ्यानं डोळे पुसले, वर म्हणाला की दुधात मिरी जास्त झाली.

काका या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले. उभ्या उभ्या गेले असते तर मला जास्त पटलं असतं.

यंदा दसरा झाला, गाजरगवत खिडकीतून दिसायला लागलं. शनिवारी कडी वाजली नाही. चहा निवांत घ्यायला मिळाला. मी दोनदा उठले, तीच भांडी पुन्हा घासली. नवरा पेपर घेऊन बसला होता, पण पान उलटत नव्हता. शेवटी खुरप्याचा खरखर आवाज आला. प्लॉटवर काकू एकट्याच ओणव्या होऊन गवत काढत होत्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. दुपारपर्यंत सगळी कॉलनी तिथं होती.

रविवारी गाणं लागलं. काकू खुर्चीत बसल्या नाहीत, नुसत्या पातेल्याभोवती फिरत होत्या. मी जाऊन हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि आपला हात दिला.

पहिल्याच पावलाला आमची टक्कर झाली. दुसऱ्यांदाही झाली. कारण साधं होतं. काकांच्या हाताखाली आम्ही सगळ्या बायका पुढेच चालायला शिकलो होतो. मागे जायचे ते पुरुष, आणि काकूंच्या जोडीत ते एकटे काका होते. काकू हसल्या, आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग मी उजवा पाय मागे टाकला. चुकला. पुन्हा टाकला. वृंदावन कुठं आहे ते बघायला मान वळवली.

"मागं बगू नको," काकू म्हणाल्या. "मी बगते हाय."